तुम्ही विचारलंत म्हणून: प्लँक्टन बदलला का, हो की नाही?

"ते सगळं ठीक आहे हो, पण आर्क्टिकमधला प्लँक्टन, म्हणजे ते समुद्रात तरंगणारे बारके जीव, बदललाय की नाही, एका शब्दात सांगा ना." भाषण झाल्यावर, विमानात शेजारच्या सीटवरून, अगदी दाताच्या डॉक्टरनेसुद्धा माझं तोंड उघडं असताना विचारलंय. मी दरवेळी "तसं बघायला गेलं तर" अशी सुरुवात करते आणि समोरच्याचा चेहरा पडतो. परवा एक जण तोंडावर म्हणाला, तुम्हा सायंटिस्ट लोकांना सरळ बोलताच येत नाही.

येतं की. एकदा बोलले होते मी सरळ.

माझं काम स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या बेटांच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोंग्सफ्योर्ड नावाच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधे आत घुसलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यात. 79 अंश उत्तर. आपलं हिमाद्री, म्हणजे भारताचं आर्क्टिकमधलं संशोधन स्टेशन, 2008 पासून याच फ्योर्डच्या काठावर आहे हे तुम्हाला ठाऊकच असेल. या फ्योर्डमध्ये दोन पाणी भांडतात, एक आर्क्टिकचं थंड पाणी आणि दुसरं अटलांटिकचं, जे स्पिट्सबर्गेनच्या, म्हणजे स्वालबार्डच्या सगळ्यात मोठ्या बेटाच्या, बाजूने वर सरकत येतं आणि त्या मानाने कोमट असतं. 2006 पासून हिवाळ्यातसुद्धा हे कोमट पाणी आत शिरायला लागलं आणि फ्योर्डवरचा बर्फ कमी झाला. इथपर्यंत मी एका शब्दात उत्तर देते, कुणीही विचारा. थर्मामीटरला मत नसतं.

त्या पाण्यात राहणारे कोपेपॉड, कोळंबीच्या जातकुळीतले तिळाएवढे जीव, तिथे सगळा घोळ आहे. कॅलॅनस या एकाच वंशातले तीन भाऊ तिथे सापडतात. हायपरबोरियस मोठा, त्याच्या धडाच्या मागच्या कोपऱ्याला काटा असतो, त्याने मला कधीच त्रास दिला नाही. उरले ग्लेशियालिस आणि फिनमार्किकस. ग्लेशियालिस आर्क्टिकचा, अंगाने मोठा, पोटात तेलाची भलीमोठी पिशवी. फिनमार्किकस अटलांटिकवाला, लहान आणि सुका, म्हणजे कमी तेलाचा. लिटिल ऑक नावाचा पक्षी आहे, मूठभर जीव, पिल्लं वाढवायच्या दिवसांत त्याला दिवसाला 60,000 च्या आसपास कोपेपॉड लागतात असा अंदाज आहे. म्हणजे तेलाचा ग्लेशियालिस जाऊन सुका फिनमार्किकस आला तर त्या पक्ष्याने किती बुड्या मारायच्या! गोष्ट इतकी छान बसते की सांगायचा मोह आवरत नाही.

दोघांना ओळखायचं कसं? दिसायला सारखे. मग पट्टी लावायची. वाढीच्या पाचव्या अवस्थेतला प्राणी घ्यायचा, शेपटी सोडून अंगाची लांबी मोजायची, साधारण 3 मिलिमीटरच्या आत असला तर फिनमार्किकस, वर गेला तर ग्लेशियालिस. सगळेच असं करत होते, मी काही वेगळं केलं नाही. (हे वाक्य मी स्वतःलाच फार वेळा ऐकवलंय.) जाळं खाली सोडायचं, वर ओढायचं, बोटं बधिर झालेली असताना झाकण लावायचं, फॉर्मॅलिन घालायचं आणि मग कित्येक महिने मायक्रोस्कोपखाली मान मोडून मोजायचं. त्यातून माझा आलेख तयार झाला. फिनमार्किकस वर, ग्लेशियालिस खाली. कोमट वर्षांत तर जास्तच. एका सभागृहात मी तो लावला आणि कुणीतरी विचारलं, म्हणजे आर्क्टिक अटलांटिक व्हायला लागलाय का? मी म्हणाले, हो. नुसतं हो. काय टाळ्या पडल्या.

नंतर आमच्याकडे एक मुलगी आली, जेनेटिक्स शिकलेली, शांत, फार प्रश्न विचारायची. ती म्हणाली मॅडम, ताजे नमुने इथेनॉलमध्ये ठेवूया, तुम्ही नेहमीसारखे ओळखा, मी डीएनए लावते, नुसतं चेक म्हणून. मी म्हटलं लाव. 96 खणांची प्लेट, प्रत्येक खणात एक प्राणी, प्रत्येकाचा आधी फोटो, आणि माझ्या अक्षरात शेजारी नाव. निकाल आला त्या दिवशी ती माझ्या खोलीत आली आणि लॅपटॉप टेबलावर ठेवून उभीच राहिली, बस म्हटलं तरी बसेना. मी लहान म्हणून फिनमार्किकस लिहिलेले कितीतरी प्राणी ग्लेशियालिस निघाले होते. मी म्हटलं खण बदलले असतील तुझ्याकडून. ती म्हणाली, हो मॅडम, शक्य आहे, परत करते. परत केलं. तेच. मी म्हटलं प्रायमर बघ (डीएनएचा हवा तो भाग पकडायला वापरतात ते छोटे तुकडे). तिने तेही बघितलं होतं, पण मला ते आधी सांगितलं नव्हतं, मी विचारायची वाट बघत होती बहुतेक. मग मी एकेक फोटो उघडून बसले. रात्री उशिरापर्यंत. एका फोटोत तर प्राणी रेषेच्या इतका जवळ होता की मी त्याला कुठेही टाकू शकले असते, आणि मी कुठे टाकला? जिकडे आलेख चाललाय तिकडे. मुद्दाम नाही. पण टाकला.

आणि खरं सांगायचं तर मला आधीच कळायला हवं होतं. 2012 मध्ये स्वालबार्डच्याच बाजूच्या नमुन्यांवर हाच इशारा देणारा पेपर आला होता. मी वाचला होता. माझ्या पेपरमध्ये एका ओळीत त्याचा उल्लेखही केला होता, "काही प्रमाणात चूक संभवते" वगैरे. मला वाटलं चूक दरवर्षी सारखीच असेल, म्हणजे आलेखाचा कल तरी खरा राहील. पण कोमट पाण्यात असे जीव लवकर वाढतात आणि अंगाने लहान राहतात. म्हणजे ज्या वर्षी पाणी कोमट, त्या वर्षी ग्लेशियालिस माझ्या रेषेच्या खाली घसरणार आणि मी त्याला फिनमार्किकस म्हणणार! पट्टीच तापमानाबरोबर सरकत होती. मग काहींनी अँटेनाच्या लाल रंगावरून ओळखायचं सुचवलं, लाल असला तर ग्लेशियालिस, तोही सगळीकडे चालत नाही असं दिसलं. इतकंच काय, 2017 मध्ये डीएनएवरून कळलं की ग्लेशियालिस नॉर्वेच्या खालच्या फ्योर्डमध्येही आहे, जिथे तो इतका पसरलेला असेल असं आधी वाटलं नव्हतं.

मग जुने नमुने परत तपासा ना, असं तुम्ही म्हणाल. म्हणतातच. ते फॉर्मॅलिनमध्ये आहेत. फॉर्मॅलिनने आकार टिकतो पण डीएनएचे तुकडे होतात, त्यातून भरवशाचं काही काढणं महामुश्किल. नमुना नीट टिकावा म्हणून जे घातलं त्यानेच उत्तर गेलं.

आता पूर्वीची मी अजून भांडते माझ्याशी. ती म्हणते, पाणी बदललंय, बर्फ गेलाय, अटलांटिकचं पाणी अटलांटिकचे जीव आणणारच, मग तुझं "हो" चुकलं कुठे? मला तिला खोटं ठरवता येत नाही. फिनमार्किकस वाढलेला असूही शकतो. पण मी ते बघितलं होतं का? मी 3 मिलिमीटरची रेष बघितली होती. ती म्हणते, अशाने कुणी कधी काहीच बोलणार नाही आणि लोक समजतील काही झालंच नाही. ह्याचंही उत्तर नाही माझ्याकडे, आणि ह्याचीच भीती मला जास्त वाटते, कारण माझी चूक ऐकून खूश होणारी माणसंही भेटलीत मला, "बघा, म्हणजे सगळं थोतांड" म्हणणारी. नाही हो. मोजणी चुकली, समुद्र नाही.

ती मुलगी आता दुसरीकडे गेली. मी अजून मोजतेच, पण आता जाळं वर आलं की अर्धा नमुना फॉर्मॅलिनमध्ये आणि अर्धा इथेनॉलमध्ये. आणि वहीत जिथे दोन रकाने होते तिथे डीएनए होईपर्यंत एकच ठेवलाय, "फिन./ग्ले." असा. मागच्या खेपेला तो रकाना भरता भरता एक बारका, लालबुंद अँटेनावाला प्राणी दिसला, आणि हात आपोआप "ग्ले" लिहायला गेला.