हनुवटी, हात आणि सम: बैठकीतल्या मुद्रांबद्दल

ख्याल गाताना तोंड वाकडं होतं, त्याला आपल्याकडे मुद्रादोष म्हणतात आणि त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे आरशासमोर बसून रियाज. उपाय खोटा नाही, पण अर्धाच आहे. आरसा दोष दाखवतो, तो कशामुळे आला ते सांगत नाही. मग चेहरा सरळ ठेवण्याच्या धडपडीत गाणारा इतका आवळून बसतो की सूरच कोरडा पडतो.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त गायकाचे २५ दोष मोजलेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट, उंटासारखी मान उंचावणारा करभ, भोपळ्यासारखे गाल फुगवणारा तुंबकी, मान वाकडी करणारा वक्री, चेहऱ्यामानेच्या शिरा फुगवणारा झोंबक, डोळे मिटून गाणारा निमीलक. वाचताना हसू येतं. पण याच यादीत नाकातून गाणारा आणि अपस्वर लावणाराही आहे, म्हणजे शरीराचे दोष एकीकडे आणि आवाजाचे दुसरीकडे अशी वाटणी त्याने केलेली नाही. मला ते फार नेमकं वाटतं.

आज सगळ्यात जास्त दिसतो तो करभ. तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, जवळ आला की हनुवटी वर जाते, जणू सूर छताला टांगलाय. हनुवटी उचलली की गळ्याच्या पुढचे स्नायू ताणतात, स्वरयंत्र वर ओढलं जातं आणि आवाज चिरका होतो. तर्जनीचं टोक हनुवटीखाली नुसतं टेकवा, दाबू नका, आणि मध्य पंचमापासून तार गंधारापर्यंत आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’वर, सावकाश जा. बोट सुटलं की थांबा, दोन स्वर खाली या, पुन्हा चढा. तरीही मान उचलतच असेल तर बैठक तपासा. मांडी घातल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील तर कंबर मागे कलते, पाठीला पोक येतं, मान पुढे जाते आणि समोर बघायला हनुवटी उचलावीच लागते. सतरंजीची दोन-तीन इंच जाडीची घडी बसण्याच्या फक्त मागच्या भागाखाली सरकवली की गुडघे खाली येतात. पुष्कळांचा दोष इथेच निम्मा होतो.

जबड्यासाठी दोन्ही तळहात गालांवर हलके ठेवून एक सपाट तान, म्हणजे ओळीने चढत-उतरत जाणारी जलद सुरावट, घ्या. प्रत्येक स्वराला जबडा हलत असेल तर लय अर्ध्यावर आणा. जबड्याची तान जाणूनबुजून घेणारे मोठे गवई होऊन गेले, ती गोष्ट वेगळी. दुसरी येतच नाही म्हणून घेतलेली लगेच ओळखू येते.

हात मात्र बांधू नयेत. मींड ओढताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, हात लांबतो, गमकेत, म्हणजे स्वर जोरात आंदोलवताना, मनगट झटकतं; ते गाण्यातूनच येतं. भीमसेन जोशींचं अख्खं शरीर तानेबरोबर जायचं. नकलाकारांनी हात उचलले, दमसास नाही उचलला. कसोटी सोपी आहे: हात मांडीवर ठेवून तीच जागा, म्हणजे तीच सुरावट, घ्या. तितकीच स्वच्छ आली तर हात खुशाल हलू द्या. नाही आली तर हाताची कुबडी झालीय. बोटांवर मात्रा मोजणं त्याहून घातक. बारा मात्रांच्या विलंबित एकतालाची मात्रा चार-पाच सेकंदांची असली तर आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, जवळजवळ मिनिटभराचं होतं. एवढ्या ऐसपैस जागेत हात ठोके देत राहिला की आलापी मात्रेमात्रेला अडखळते.

डोळे मिटण्याला हल्ली तल्लीनता म्हणतात. आलापीत मिटा, हरकत नाही, पण अकराव्या मात्रेपर्यंत उघडा. तबलजी बहुधा गायकाच्या उजव्या हाताला बसतो. मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलताना त्याच्याकडे गेलेली नजर आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मानेचा छोटासा झोल एवढं त्याला पुरतं. लय वाढवायची तर मुखडाच किंचित चढ्या लयीत उचलावा आणि गुडघ्याजवळ हाताने दोन मात्रा दाखवाव्यात. ठेक्याची लय खाली आली म्हणून तबलजीकडे डोळे वटारले की ते पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसतं, आणि त्याचा हात आणखीच आखडतो.

नजर वळवा, मान नको, कारण समोर माइक आहे. तोंडापासून १५ सेंटीमीटरवर असलेला माइक ३० वर गेला की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो. ऐन समेला शब्द हरवतो तो असा. माइक हनुवटीच्या जरा खाली, तोंडाकडे कललेला ठेवावा, म्हणजे चेहराही झाकत नाही. मांडीवर थाप मारायची सवय असेल तर स्टँडखाली जाड जाजमाची घडी घाला. नाहीतर प्रत्येक थाप पाटावरून माइकमध्ये शिरते. बांगड्या रियाजातच काढून बघाव्यात.

आरशापेक्षा फोन बरा. दहा मिनिटांचं चित्रण करा, आधी आवाज बंद करून पाहा आणि शरीर जिथे आवळलं ती वेळ लिहून ठेवा. मग पडदा पालथा घालून नुसतं ऐका आणि जिथे सूर घसरला ती वेळ लिहा. दोन्ही याद्यांत आलेल्या वेळा आधी हातात घ्या, तेही एका आठवड्याला एकच दोष. नुसत्या पहिल्या यादीतलं काही असेल तर ते सोडून द्या. श्रोत्यांचं त्याने काही अडत नाही.

ठुमरीला यातलं बरंचसं लागू नाही. तिथे बसल्या बसल्या अदा करणं, म्हणजे शब्दांतला भाव चेहऱ्याने आणि हातांनी दाखवणं, हा गाण्याचाच भाग आहे.

राहता राहिले मागे तानपुऱ्यावर बसलेले शिष्य. गायकाचे डोळे मिटलेले असोत की उघडे, यांचे चेहरे दोन तास श्रोत्यांसमोरच असतात. जांभई, घड्याळ, ओळखीच्यांना हसणं आणि तार उतरल्यावर घाबरून गुरूंकडे बघणं, सगळं दिसतं. तार उतरली तर मान खाली घालून आलाप थांबेल तेव्हा तारेतला सूर जुळवायचा मणी हलकेच सरकवावा. दुसरा तानपुरा तेवढ्यापुरता सांभाळून घेतो.