डॅलसच्या गॅरेजात पोर्टेबल लिफ्ट: काळी माती, गारा आणि गाडीखालची कामं

इथे टेक्सासमध्ये डॅलसच्या मराठी लोकांच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच, की घरी गाडीचं काम करायला ती पोर्टेबल लिफ्ट घ्यावी का, क्विकजॅक वगैरे, म्हणजे गाडी उचलून धरणारी आणि काम झालं की भिंतीला लावून ठेवता येणारी, की सरळ टू-पोस्ट, म्हणजे दोन खांबांची लिफ्ट बसवून टाकावी, आणि मग मोबाईलवर टाईप करता करता माझं अर्धंच सांगून होतं. म्हणून इथे नीट लिहितो. मत आधीच सांगून टाकतो: ऑइल, ब्रेक, टायर रोटेशन, ट्रान्समिशनचं ऑइल एवढं जो स्वतः करतो किंवा करू इच्छितो त्याने जरूर घ्यावी. कारण चारही चाकं एकदम वर आणि गाडी सपाट, ही गोष्ट फ्लोअर जॅक आणि रॅम्पवर कधी नीट मिळत नाही, आणि ती एकदा मिळाली की माणूस गाडीची खालची बाजू बघायला लागतो. बघण्याचं महत्त्व मला खूप वाटतं, त्यावर पुढे येतो.

आधी टू-पोस्टचं. बरेच जण मॅक्सजॅक्स बघतात, ते दोन बुटके खांब असतात, काम झालं की काढून भिंतीला लावून ठेवता येतात, गाडी चांगली उंच जाते, खाली स्टूलवर बसून काम करता येतं. वस्तू उत्तम आहे. पण त्याला फरशीत भोकं पाडून अँकर बसवावे लागतात, काँक्रीट किमान ४ इंच जाड आणि चांगल्या ताकदीचं पाहिजे, आणि इथेच आपल्या डॅलस, फ्रिस्को, प्लेनोवाल्यांची गाडी अडते. आपल्याकडची बहुतेक नवी घरं पोस्ट-टेन्शन स्लॅबवर आहेत. म्हणजे काँक्रीटच्या आत स्टीलच्या केबल टाकलेल्या असतात आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर त्या जॅकने ताणून कडेला अडकवून ठेवतात, एकेका केबलमध्ये ३० हजार पौंडांच्या आसपास ताण असतो. ड्रिल त्या केबलला लागलं तर केबल तुटून बाहेर उसळू शकते, माणूस जखमी होऊ शकतो आणि घराच्या पायाचं नुकसान होतं ते वेगळंच. गॅरेजच्या दाराजवळ खाली बघा, बहुतेक घरात काँक्रीटमध्येच शिक्का मारलेला असतो की हा पोस्ट-टेन्शन स्लॅब आहे, कापू नका, ड्रिल करू नका. स्कॅन करून केबल शोधून देणारे लोक मिळतात, पण मी त्या वाटेला गेलो नाही आणि तुम्हालाही जा म्हणणार नाही.

हा स्लॅब असा का, तर मातीमुळे. मी परभणीकडचा, आमच्याकडची काळी कापसाची माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून फाटते आणि पावसात फुगते, आणि इथला जो ब्लॅकलँड प्रेअरीचा पट्टा आहे ना, डॅलसवरून खाली सॅन अँटोनिओकडे जाणारा, तिथे हुबेहूब तीच जातकुळी, काळी चिकणमाती, आणि गंमत म्हणजे इथेही पूर्वी कापूसच पिकायचा. अशा फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या मातीवर घर तडकू नये म्हणून स्लॅब ताणून बांधतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, इथे आले होते तेव्हा बॅकयार्डातली माती हातात घेऊन म्हणाले "ही तर आपलीच हाय", आणि मला फार बरं वाटलं होतं.

पोर्टेबल घेण्याचं दुसरं कारण गारा. मार्च ते मे इथे गारपीट कधी येईल सांगता येत नाही, चांगल्या मोठ्या गारा पडतात, बाहेर राहिलेल्या गाडीचं छत आणि बॉनेट चेचून निघतं. त्यामुळे दोन गाड्यांचं गॅरेज असेल तर दोन्ही गाड्या रात्री आत पाहिजेत, एक बाजू कायमची लिफ्टला देऊन टाकणं परवडत नाही. पोर्टेबल म्हणजे डिकीत टाकून कुठेही नेता येते असं कोणी समजू नये. काम झालं की उचलून भिंतीला उभी केली आणि गॅरेज मोकळं झालं, इतकंच. आणि तेवढं पुरतं.

आता वस्तू काय आहे ते सांगतो. दोन लांब चपट्या फ्रेम, दुमडलेल्या असताना साधारण ३ इंच उंचीच्या, गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूला चाकांच्या मधे सरकवायच्या. प्रत्येक फ्रेममध्ये हायड्रॉलिक सिलिंडर, दोन्ही होज एका छोट्या पॉवर युनिटला जोडायचे, त्यात मोटर, पंप आणि तेलाची टाकी. फ्रेमवर रबराचे ठोकळे ठेवायचे, ते बरोब्बर गाडीच्या जॅकिंग पॉइंटखाली (गाडी उचलायला कंपनीने ठरवून दिलेल्या जागा) आले पाहिजेत, मग रिमोटचं बटण दाबलं की दोन्ही फ्रेम एकदम उभ्या राहतात, मिनिटभराच्या आत गाडी वर. चाकं जमिनीपासून फूटभर सुटतात. म्हणजे उभं राहून काम होत नाही, पाठीवर झोपूनच करायचं, क्रीपर, म्हणजे झोपून सरकायची चाकांची फळी, लागतोच. पण छाती आणि गाडी यांच्यामध्ये हात फिरवायला, पाना पूर्ण ओढायला जागा मिळते आणि तोंडावर ऑइल पॅन येत नाही.

फ्रेम उभी राहताना सरळ वर जात नाही, कमानीसारखी जाते, त्यामुळे गाडीही वर जाताना थोडी पुढे किंवा मागे सरकते. नवीन माणसाला हे माहीत नसतं आणि तो गाडीचं नाक भिंतीजवळच्या कपाटाला चिकटवून उभी करतो. दोन्हीकडे मोकळी जागा ठेवा. पहिल्यांदा जोडताना सिस्टिममधली हवा काढायची असते, मॅन्युअलमध्ये दिलंय तसं, रिकाम्या फ्रेम वर-खाली करून, गाडी नसताना. हवा राहिली तर एक फ्रेम पुढे आणि एक मागे अशी धक्के खात वर येते. कंटाळा करू नका, मॅन्युअल पूर्ण वाचून हे काम शांतपणे करा.

वजनाचं कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. एकेक फ्रेम मॉडेलप्रमाणे ३५ ते ५० किलोच्या घरात असते. चाकं असतात, ढकलता येते, पण भिंतीला उभी करणं, आडवी करणं हे कमरेचं काम आहे. पाठीचा त्रास असेल तर दुकानात जाऊन आधी उचलून बघा किंवा कोणाकडे असेल तर त्याच्याकडे बघा. माझी बायको दुसऱ्या टोकाला हात लावते, ठोकळे नीट बसलेत का तेही तीच तिच्या बाजूने वाकून बघते आणि तिने "हं, बसले" म्हटल्याशिवाय मी बटण दाबत नाही.

लॉकचं मात्र अगदी मनापासून सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. अण्णांनी मी गाडी वर घेतलेली पाहिली आणि पहिला प्रश्न हाच विचारला, "नुसत्या तेलाच्या भरवशावर उभी हाय का रे गाडी?" त्यांची आयुष्यभर ट्रॅक्टर-ट्रॉलीशी ओळख, हायड्रॉलिक ट्रॉली उचललेली असली की खाली भक्कम टेकू लावल्याशिवाय माणसाने हात घालायचा नाही हा गावाकडचा नियम, आणि तो तिथल्या लोकांनी जीव गमावून शिकलेला नियम आहे. होज फुटला, सील गेलं, कोणाचा हात बटणावर पडला तर तेल वाट मोकळी करून देतं. म्हणून प्रत्येक फ्रेमला लोखंडी लॉक बार असतो, गाडी लॉकच्या जरा वर न्यायची, मग खाली सोडून त्या लॉकवर टेकवायची, म्हणजे भार तेलावरून लोखंडावर येतो. दोन्ही बाजूंना जाऊन डोळ्यांनी बघायचं की बार बसलाय. मग गाडीला खांद्याने जरा हलवून बघायचं. मगच खाली जायचं. मी लॉक दाखवल्यावर अण्णा खाली बसून दोन्ही बाजूंनी हात लावून बघून आले आणि मग म्हणाले "आता जा".

जॅक स्टँडवाले, म्हणजे जॅकने उचललेली गाडी लोखंडी टेकूंवर ठेवणारे, म्हणतील की आमचं काय वाईट आहे. काही वाईट नाही, चांगले स्टँड चांगलेच असतात आणि ओव्हरहॉलसारख्या लांबणाऱ्या कामाला अजूनही लोक तेच वापरतात. पण २०२० मध्ये हार्बर फ्रेट या हत्यारांच्या दुकानांच्या कंपनीने त्यांच्या पिट्सबर्ग ब्रँडचे ३ टन आणि ६ टनचे स्टँड परत मागवले होते, १७ लाखांच्या आसपास नग, कारण दात्यांमध्ये खटका पुरेसा खोल बसत नव्हता आणि भाराखाली स्टँड अचानक खाली येऊ शकत होता. त्यानंतर बदली दिलेल्यांपैकी काही स्टँडही वेल्डिंगच्या दोषामुळे परत मागवावे लागले. तुमच्या गॅरेजात किंवा गराज सेलमधून आणलेले जुने लाल स्टँड पडले असतील तर लेबलवरचा नंबर आजच तपासा. शिवाय चार स्टँडवर गाडी चढवायची म्हणजे एक टोक उचल, दोन लाव, दुसरं टोक उचल, तेव्हा पहिले दोन तिरके होतात, तो सगळा वेळ जीव मुठीत असतो.

कामाचं बोलायचं तर ऑइल चेंजसाठी कोणी दीड-दोन हजार डॉलर घालू नयेत, ते रॅम्पवर पण होतं. खरा फरक ट्रान्समिशनच्या ऑइलला पडतो. आमची २०१५ ची ओडिसी, तिला होंडाचं डीडब्ल्यू-१ नावाचं ट्रान्समिशन ऑइल लागतं, ड्रेन बोल्ट काढला की साधारण ३ क्वार्टच्या वर काहीतरी निघतं (क्वार्ट म्हणजे लिटरला जरा कमी), बाकीचं आतच राहतं, म्हणून लोक थोड्या थोड्या दिवसांनी परत परत काढून भरतात. रॅम्पवर नाक वर असेल तर तेल मागे जातं, किती निघायला पाहिजे होतं आणि किती निघालं कळत नाही. लिफ्टवर गाडी फरशीइतकी सपाट असते. (फरशीइतकी म्हणालो, कारण गॅरेजच्या फरशीला पाणी बाहेर जायला दाराकडे उतार दिलेला असतो, फुटाला पाव इंचाच्या आत, पण गाडीच्या लांबीत तो दिसतो.) जेवढं निघालं तेवढं मोजून भरायचं, नवीन वायसर टाकायचा, बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळायचा, ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे एकदा गेले की खर्च मोठा. वापरलेलं ऑइल ऑटोझोन, ओरायली ही दुकानं फुकट घेतात, नाल्यात किंवा कचऱ्यात अजिबात टाकू नका.

टायर रोटेशनला तर सोनं आहे, चारही चाकं एकदम हातात. ब्रेक फ्लुइड बदलतानाही तसंच, मुलगी आत बसून पेडल दाबते, मी एकेका चाकाशी जातो. चाकांचे नट मात्र शेवटी गाडी खाली उतरवूनच पूर्ण टॉर्कला आवळायचे, ओडिसीला ९४ फूट-पौंड, आमच्या दुसऱ्या गाडीला, टोयोटा कॅमरीला ७६.

आणि आता ते बघणं. चाकं लटकत असली की हाताने फिरवता येतात, बेअरिंगचा आवाज ऐकू येतो. टायरची आतली कड दिसते, जी उभं राहून कधीच दिसत नाही, आणि अलाइनमेंट गेली असेल तर बऱ्याचदा आधी तिथेच झिजते. सीव्ही बूट, म्हणजे ॲक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण, फाटला असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं, तेव्हाच पकडलं तर कमी खर्चात निभावतं, नाहीतर जॉइंटमध्ये माती जाऊन पूर्ण ॲक्सल बदलावा लागतो. आमच्या कॅमरीचा बूट असाच लवकर सापडला. ब्रेकच्या रबरी होजला चिरा, एक्झॉस्टचे रबर हँगर, कुठे ओलसर डाग, हे सगळं दर वेळी टॉर्च घेऊन पुढून मागे बघायचं. मुलीला मी हेच आधी शिकवलं, पाना नंतर. तिला आता शॉपवाल्याने काही सांगितलं तर ते कुठे असतं ते माहीत आहे, आणि ती सोळाची झाली की गाडी चालवणार आहे, तेव्हा मला हे फार मोलाचं वाटतं.

अडचणी पण आहेत. फ्रेम दोन्ही बाजूंना असल्यामुळे बाजूने आत शिरता येत नाही, पुढून किंवा मागून जायचं. रॉकर पॅनलजवळचं, म्हणजे दारांच्या खालच्या पत्र्याजवळचं काही काम असेल तर फ्रेम आडवी येते. ट्रान्समिशन उतरवायचं असेल तर एवढी उंची पुरत नाही. गंजलेली गाडी असेल, मिशिगन-ओहायोकडून आलेली, जिथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, तर पिंच वेल्ड (दारांखालची पत्र्याची जोडलेली कड, जिथे ठोकळा टेकतो) आधी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, पोकळ झालं असेल तर ठोकळा आत घुसेल.

इलेक्ट्रिकवाल्यांनी जास्त जपा. टेस्ला मॉडेल ३ किंवा वायच्या खाली सगळी बॅटरीच असते, जॅक पॉइंटच्या भोकात बसणारे रबरी पक, म्हणजे जाड चकत्या, मिळतात ते लावूनच उचला, ठोकळ्याची कड बॅटरीवर येता कामा नये. वजनही जास्त असतं.

कुठली घ्यायची, तर आधी गाडीचं वजन बघा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. ५००० पौंड क्षमतेची लिफ्ट कॅमरी, सिव्हिकला भरपूर होते, पण ओडिसीच रिकामी साडेचार हजारच्या आसपास भरते म्हणून आम्ही ७००० ची घेतली. त्याहून जास्त घोळ लांबीत होतो. लोक व्हीलबेस बघून ऑर्डर करतात, बघायचं असतं पुढच्या आणि मागच्या जॅकिंग पॉइंटमधलं अंतर, आणि ते कंपनीच्या तक्त्याशी जुळवायचं. लांब गाड्यांना फ्रेमची एक्स्टेन्शन वेगळी मिळतात. पुण्या-नाशिकला बंगल्यात वापरायला कोणी न्यायचं म्हणत असेल तर ११० व्होल्टचं युनिट तिथल्या २३० वर चालणार नाही, १२ व्होल्टचं युनिट घ्या, ते गाडीच्या बॅटरीवर चालतं. आणि पार्किंग टाइल्सवर थेट ठेवू नका, टाइल खाली पोकळ असेल तर भाराने फुटते.

दिवाळीच्या आधी ओडिसीचं ब्रेक फ्लुइड करायचंय, शनिवारी सकाळी, दुपारी गॅरेजात अजून उकडतं. ग्रुपवरच्या ज्यांना प्रत्यक्ष बघायचंय त्यांनी या, फक्त येताना आपापल्या गाडीच्या जॅकिंग पॉइंटमधलं अंतर टेपने मोजून आणा, म्हणजे तिथेच तक्ता उघडून सांगता येईल कुठलं मॉडेल लागेल ते.