तायक्वांदोची तोंडी परीक्षा आणि कोरियन शब्द : माझा अनुभव

वयाच्या चाळिसाव्या वर्षी मी मुलीबरोबर तायक्वांदोच्या क्लासला जाऊ लागले, आणि पाच वर्षांनी आम्ही दोघी एकाच दिवशी ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला बसलो. तिचे वय पंधरापेक्षा कमी असल्यामुळे तिच्या श्रेणीला ‘पूम’ म्हणतात आणि माझ्या श्रेणीला ‘दान’. दोन्हींची प्रमाणपत्रे मात्र सोलमधल्या कुक्कीवॉन या एकाच संस्थेकडून येतात. या परीक्षेत पूमसे, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, ग्यॉरुगी, म्हणजे लढत, आणि फळी फोडणे यांच्या जोडीला तोंडी परीक्षाही होती, आणि मला खरी अडचण आली ती तिथेच.

परीक्षेच्या तीन महिने आधी क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. परीक्षकांनी ‘थेगुक सा जांग’, म्हणजे थेगुक मालिकेतला चौथा पूमसे, असा हुकूम दिला आणि मी तिसरा सुरू केला. ‘साम’ म्हणजे तीन आणि ‘सा’ म्हणजे चार. पाच वर्षे हाना, दुल, सेत, नेत असे मोजत व्यायाम करूनही तो फरक माझ्या कानाला कळला नाही. त्यानंतर विचारलेल्या तीन शब्दांचे अर्थही मला सांगता आले नाहीत. लाथ, ठोसा, अडवणूक हे सारे शरीराला येत होते, पण त्यांची नावे मी केवळ आवाज म्हणून ऐकत आले होते, ही गोष्ट मला फार लागली.

आमच्याकडे शब्दांची जी यादी होती ती रोमन लिपीत होती, आणि दुसऱ्या एका यादीत त्याच शब्दांची स्पेलिंगे वेगळी होती. तेव्हा मी सगळे शब्द देवनागरीत लिहून काढायचे ठरवले आणि त्यासाठी आधी हांगुल ही कोरियन लिपी शिकले. राजा सेजोंग यांच्या काळात १४४३ मध्ये तयार झालेली आणि १४४६ मध्ये जाहीर झालेली ही लिपी चौदा मूळ व्यंजने आणि दहा मूळ स्वरांची आहे. रोज अर्धा तास दिला तर ती दोन आठवड्यांत वाचता येते. ती वाचता येऊ लागल्यावर लक्षात आले, की लाथेला क्लासमध्ये आम्ही सगळे ‘चागी’ म्हणतो तो शब्द ‘छागी’ आहे, ‘चारियॉत’, म्हणजे सावधान, हा ‘छार्यॉत’ आहे, आणि तायक्वांदोतले पहिले अक्षरही महाप्राण, म्हणजे ‘थ’च्या जवळचे आहे. च आणि छ, त आणि थ हा भेद मराठी माणसाला जन्मापासून ऐकू येतो. रोमन अक्षरांच्या मागे तो आम्ही विनाकारण हरवून बसलो होतो. देवनागरीत न बसणारे आवाजही आहेत. ‘जिरुगी’ म्हणजे ठोसा या शब्दातला उ ओठ गोल न करता म्हणायचा असतो, आणि तो मला अजूनही प्रत्येक वेळी जमत नाही.

पाठांतर सोपे झाले ते मात्र शब्द फोडून पाहायला लागल्यावर. छागी, माक्की (अडवणूक), जिरुगी, सॉगी (उभे राहण्याची पद्धत), ग्यॉरुगी या साऱ्यांच्या शेवटी असलेला ‘गी’ हा क्रियापदाचे नाम करणारा प्रत्यय आहे, आपल्या ‘मारणे’, ‘अडवणे’, ‘उभे राहणे’ यांतल्या ‘णे’सारखा. (‘माक्की’त तो जोडाक्षरामुळे वेगळा ऐकू येतो.) ‘आप’ म्हणजे पुढे, ‘यॉप’ म्हणजे बाजूला, ‘द्वी’ म्हणजे मागे, ‘दोल्यॉ’ म्हणजे फिरवून आणि ‘नेर्यॉ’ म्हणजे खाली आणून, यांतला एकेक शब्द ‘छागी’च्या आधी ठेवला की पाच लाथांची नावे पाठ न करता तयार होतात. त्याचप्रमाणे ‘आरे’ म्हणजे खालचा भाग, ‘मोमथोंग’ म्हणजे धड आणि ‘ऑल्गुल’ म्हणजे चेहरा, एवढे ठाऊक असले की कुठली माक्की कुठे करायची हे नावच सांगते. ‘सोन’ म्हणजे हात आणि ‘नाल’ म्हणजे पाते. ‘सोन्नाल’ हा शब्द असा उलगडल्यावर माझी बोटे आपोआप एकमेकांना घट्ट चिकटू लागली.

आकड्यांचा गोंधळही असाच सुटला. कोरियन भाषेत आकड्यांचे दोन संच आहेत. व्यायाम मोजताना देशी हाना, दुल, सेत वापरतात. पूमसेचा किंवा दानचा क्रमांक सांगताना चिनी मुळातून आलेले इल, ई, साम, सा, ओ, युक, छिल, पाल वापरतात. आपण बैठका एक, दोन, तीन अशा मोजतो आणि बक्षिसे मात्र प्रथम, द्वितीय, तृतीय अशी देतो, हे आठवल्यावर पुन्हा चूक झाली नाही.

आठ थेगुक पूमसेंना आठ त्रिरेखांची, म्हणजे तीन-तीन रेघांच्या चिन्हांची, नावे जोडलेली आहेत. पहिला गॉन म्हणजे आकाश, तिसरा री म्हणजे अग्नी, सहावा गाम म्हणजे पाणी आणि आठवा गोन म्हणजे पृथ्वी. दक्षिण कोरियाच्या ध्वजाच्या चार कोपऱ्यांत याच चार त्रिरेखा आहेत. पाच वर्षे त्या ध्वजाला वंदन करताना मी त्याकडे कधी नीट पाहिलेच नव्हते.

रिवाजांपैकी बरेचसे आपल्या घरातल्या वळणाचेच आहेत. शिक्षकांना हाक मारायच्या ‘साबॉमनीम’ या संबोधनातला ‘नीम’ गुरुजींमधल्या ‘जी’चे काम करतो. वडीलधाऱ्यांना वस्तू देताना दोन्ही हात वापरायचे, किंवा उजव्या हाताने देताना डाव्या हाताचा आधार द्यायचा. पट्टा सैल झाला तर शिक्षकांकडे आणि ध्वजाकडे तोंड करून तो बांधायचा नाही, मागे वळून नीट करायचा आणि मगच समोर यायचे.

हे शब्द कोरियनमध्येच का म्हणायचे, असा प्रश्न मुलीने एकदा विचारला होता. १९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानची सत्ता होती आणि अखेरच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषाही हद्दपार झाली होती. ‘तायक्वांदो’ हे नाव १९५५ मध्ये पुढे आले. लढतीसाठी आधी वापरात असलेला चिनी मुळाचा ‘देर्यॉन’ मागे पडून देशी ‘ग्यॉरुगी’ रूढ झाला तो त्यानंतर. स्वतःची भाषा परत मिळवलेल्या लोकांचे हे शब्द आहेत, म्हणून ते आपण नीट उच्चारले पाहिजेत, असे मी तिला सांगितले, आणि ते मला मनापासून वाटते.

प्रत्यक्ष परीक्षेत ‘थेगुक सा जांग, जुनबी (तयार)’ हाच हुकूम आला. मी चौथा पूमसे केला. तोंडी परीक्षेत विचारलेल्या सात शब्दांपैकी सहा सांगता आले. ‘बारो’ म्हणजे मूळ स्थितीत परत या, हे रोज ऐकूनही त्या क्षणी सुचले नाही. दोन महिन्यांनी क्लासमध्ये नवे पट्टे मिळाले, मुलीचा लाल-काळा आणि माझा काळा. आम्ही दोघींनी ते दोन्ही हातांनी घेतले, भिंतीकडे तोंड करून बांधले आणि वळलो, तेव्हा सर ‘छार्यॉत’ म्हणाले, ‘छ’ने.