बंदीच्या पावसात लेकीची पँट

१ जून ते ३१ जुलै आमचा ट्रॉलर बंद. माशांच्या विणीचा हंगाम म्हणून पश्चिम किनाऱ्यावर ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. एरवी मी पहाटे घर सोडतो ते लेक झोपलेली असतानाच. म्हणून यंदा बंदी लागायच्या आधीच बायकोला सांगून ठेवलं होतं, पोरीला शू-शी सांगायला मी शिकवणार. अडीच वर्षांची झाली होती. दुपारच्या झोपेतून कोरडी उठायची, आणि शी आली की पडवीतल्या दाराआड जाऊन गप्प उभी राहायची. पोर लपायला लागलं म्हणजे त्याला आतून कळायला लागलं.

शेजारी म्हणाले, पावसात कशाला, चड्ड्या वाळायच्या कुठे? खरं आहे. मालवणजवळच्या आमच्या देवबागात जुलैमध्ये दोरीवरचं दुपटं दोन दिवस ओलसर राहतं आणि त्याला कुबट वास येतो. म्हणून मालवणच्या बाजारातून पँटवाले डायपर आणले. आई पुडा बघून म्हणाली, "रे झिला, ओला झालेला चेडवाक कळाचाच नाय, मगे ता सांगतला कसा?" (झिला म्हणजे मुला, चेडवाक म्हणजे पोरीला.)

आईचं म्हणणं मला पटलं. त्या पँटच्या आत सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेटचे दाणे असतात. ते पाणी ओढून जेली होतात आणि वरचा थर कोरडा राहतो. तान्ह्या बाळाला ते सुखाचं, पण शिकणाऱ्या पोराला शू झाल्याची खबरच लागत नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये हगीजच्या पुल-अप्स आल्या त्या खास शिकणाऱ्या पोरांसाठी. त्यांच्यावरचं चित्र ओलं झालं की पुसट होतं, म्हणजे पोराला डोळ्यांनी तरी दिसतं. आपल्या दुकानात पँट म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा कमरेला इलॅस्टिक लावलेला डायपरच. म्हणून आम्ही आत साधी सुती चड्डी घालायला लागलो आणि वरून पँट. शू झाली की चड्डी अंगाला ओली लागते, लेक लगेच पाय फाकवून उभी राहते, आणि जमीन मात्र कोरडी. ओलं कळलं की लगेच बदलायचं, तसंच ठेवायचं नाही, नाहीतर जांघेत पुरळ येतं.

या पँटचा खरा उपयोग मला दिसला तो दुसराच. चिकटपट्टीच्या डायपरला पोराला आडवं करावं लागतं आणि सगळं काम मोठ्या माणसाचं. पँट ते स्वतः खाली ओढू शकतं. मी एक माप मोठं घेतलं आणि दोन्ही अंगठे कमरेच्या इलॅस्टिकमध्ये घालून खाली ढकलायचं, एवढंच तिला शिकवलं. हे जमलं त्या दिवशी ती घरभर पँट खालीवर करत फिरली. मला फार आनंद झाला. शी झालेली असेल तर मात्र ओढायची नाही, दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडून काढायची.

सकाळची पेज झाली की न्हाणीत बसवायचं, कारण पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात. सुरुवातीला आई पाटावर बसून पाय पसरायची आणि पोरीला आपल्या दोन पावलांवर बसवायची. तसं बसलं की पोराचे गुडघे वर येतात, जोर नीट लागतो. नंतर प्लास्टिकचं भांडं आणलं. ओरडायचं नाही, हा घरात सगळ्यांना माझा हुकूम होता. घाबरून पोर शी दाबून धरतं, ती कडक होते, दुखते, आणि मग ते आणखी दाबतं.

आता वापरलेल्या पँटबद्दल. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. इथे टाकलेली वस्तू पाण्यात जायला वेळ लागत नाही. फुगलेले डायपर जाळ्यात आलेले मी माझ्या हातांनी काढले आहेत, मासळीबरोबर. ते जाळायला गेलं तर ओल्यामुळे धड पेटत नाहीत, नुसता प्लास्टिकचा धूर होतो. वाळूत पुरले तर कुत्री उकरतात. संडासात टाकले तर पाइप तुंबतो. शी संडासात झटकायची, पँट घट्ट गुंडाळायची, कागदात बांधायची आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न घालता वेगळी द्यायची. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही ती गुंडाळूनच द्यायची असं होतं, फक्त तेव्हा सुक्या कचऱ्यात, आणि गुंडाळायला पिशवी कंपनीनेच द्यावी असंही होतं. समुद्रावर पोट असणाऱ्या माणसाने तरी यात हयगय करू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच दिवसा उघडीप असली की मी पँट घालतच नव्हतो. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, नुसता झगा घालून सोडायचो. खरं शिकली ती तिथेच. पँट फक्त पावसाची झड लागली की, एसटीने मालवणला जाताना आणि रात्री.

रात्रीची अजून चालू आहे. झोपेत लघवी कमी व्हायला शरीरात एक हार्मोन वाढावा लागतो, तो प्रत्येक पोरात आपल्या वेळेने वाढतो, शिकवून येत नाही. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं झालं तरी काळजीचं नसतं. म्हणून रात्री पाणी मागितलं तर आम्ही देतो. ऑगस्टमध्ये मी पुन्हा समुद्रावर जाईन, तेव्हा न्हाणीचं काम आईकडे. गणपतीला मुंबईहून बहीण तिच्या दोन वर्षांच्या झिलाला घेऊन येईल. गाडीत पँट घाल, पण पुड्याबरोबर बांधायला जुने पेपर आण, असं तिला आत्ताच फोनवर सांगितलं आहे.