ती सर्व्हिस फॉल्ट होती का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. हॉलवर विचारता, लग्नाच्या पंगतीत विचारता, एकाने तर बँकेत काउंटरवर पासबुक पुढे सरकवता सरकवता विचारलं, "मॅडम, आता तरी खरं सांगा, ती सर्व्हिस फॉल्ट होती का?" जसं काही इतकी वर्षं मी खोटंच सांगत आलेय.

जे तिथे नव्हते त्यांच्यासाठी एवढंच: 2015 साल, जिल्ह्याची बॅडमिंटन स्पर्धा, तेरा वर्षांखालच्या मुलींची डबल्स फायनल. तिसरा गेम, 20-19, मॅच पॉइंट. मी अंपायरच्या खुर्चीवर. सर्व्हिस करणाऱ्या मुलीला मी फॉल्ट दिला, पॉइंट समोरच्यांना गेला, 20 ऑल झालं, आणि पुढचे दोन्ही पॉइंट समोरच्या जोडीने घेतले.

तुमच्यातले निम्मे म्हणतात, एका सर्व्हिसचं काय एवढं? बॅडमिंटनमध्ये सगळं तिथेच आहे, बाबांनो. टेनिसवाला चेंडू वरून हाणतो. आपल्याला फूल, म्हणजे शटल, खालूनच उचलावं लागतं. मध्ये पाच फुटी नेट, म्हणजे ते चढणारच, आणि चढलेलं फूल ठोकायला डबल्समध्ये समोरची मुलगी पुढच्या रेषेला बूट भिडवून, रॅकेट नाकासमोर धरून टपलेली असते. तिच्या डोक्यावरून मागे टाकावं, तर डबल्समध्ये सर्व्हिसची मागची रेघ अडीच फूट आत. मग उरते नेटच्या पट्टीला घासून जाणारी सर्व्हिस. फूल जरा वर धरून मारलं की ते सपाट जातं, समोरचीला खाली ठोकता येत नाही. म्हणून चोरी होते ती इथेच. मलेशियाच्या सिदेक भावांनी फूल पिसांकडून कापून असं भिरभिरवलं की 1982 मध्ये ती सर्व्हिसच बंद करावी लागली. 2023 मध्ये बोटांनी फिरकी देणाऱ्यांचीही तीच गत झाली.

2015 चा नियम असा: मारताना अख्खं फूल कमरेखाली हवं. आणि कमर म्हणजे स्कर्टचं इलॅस्टिक नव्हे. शेवटच्या फासळीच्या खालच्या टोकाला धरून अंगाभोवती मनातल्या मनात काढायची रेघ. मोठ्या बहिणीचा ढगळ टी-शर्ट घातलेल्या बारा वर्षांच्या मुलीची शेवटची फासळी तुम्ही मला दाखवा. मोठ्या स्पर्धांत त्यासाठी सर्व्हिस जज असतो, समोरच्या बाजूला बुटक्या खुर्चीवर, नजर फुलाच्या उंचीला. आमच्याकडे मी एकटीच, तीही उंच खुर्चीवरून खाली बघत.

दुपारची वेळ. फूल वाऱ्याने वाहतं म्हणून पंखे बंद, वर पत्रा. ती मुलगी प्रत्येक सर्व्हिसआधी डावा तळवा स्कर्टला पुसायची, मग दोन बोटांत पिसं धरायची, मग एक श्वास. चणीने लहान, पण हात काय सुरेख! दुसऱ्या गेमपासून समोरच्या जोडीचा कोच मागून ओरडत होता, "सर्व्हिस वर आहे, अंपायर!" मी त्याला दोनदा गप्प केलं. 20-19 ला ती उजव्या कोर्टात आली. तळवा पुसला. पिसं धरली. श्वास. सर्व्हिस गेली, समोरचीने परत मारलेलं फूल नेटमध्ये अडकलं, हिची जोडीदारीण उडी मारून किंचाळली, आणि त्या किंचाळण्यातच माझा आवाज: "फॉल्ट!"

मी सांगते ते असं: फूल फासळीच्या वर होतं, मी पाहिलं, मी दिलं. मॅच पॉइंटला नियम सुटीवर जात नाही. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर म्हणेन.

आता न सांगितलेलं. पहिल्या गेममध्ये तिच्या चार-पाच सर्व्हिस तशाच होत्या आणि मी सोडल्या. लहान आहे, असू दे म्हटलं. 2015 ची मी सांगायची की त्या जरा खाली होत्या, ही वर होती. आजची मी त्या 2015 च्या मला विचारते, किती वर? ती म्हणते, दिसलं ना. मग तो कोच ओरडला नसता तरी दिसलं असतं का? इथे ती गप्प होते. आणि सगळ्यात वाईट प्रश्न तुमच्यापैकी कुणी विचारलेलाच नाही: माझा आवाज फुलाबरोबर निघाला, की फूल नेटमध्ये अडकल्यावर? रात्री आठवते तेव्हा कधी आधी निघतो, कधी नंतर.

2018 मध्ये फासळीच गेली. आता सगळ्यांना एकच माप, जमिनीपासून 1.15 मीटर. उंच खेळाडूंनी कुरकुर केली, कारण त्यांना वाकावं लागलं, बुटक्यांचं फावलं. त्या मुलीची फासळी फार तर नव्वद सेंटिमीटरवर असेल. म्हणजे तीन वर्षं उशिरा खेळली असती तर तीच सर्व्हिस बिनघोर चालली असती. यावर तुम्ही म्हणता, "बघा, म्हणजे फॉल्ट नव्हतीच!" हे कुठलं तर्कट? त्या दिवशी तो नियम नव्हता. आणि हे म्हणतानाही मला तो ढगळ टी-शर्टच दिसतो.

तिने स्वतः कधी विचारलं नाही. मॅच संपल्यावर रीतीप्रमाणे खुर्चीपाशी आली, हात मिळवला, "थँक्यू, मॅडम" म्हणाली. तळवा ओला होता, पुसला नव्हता. पुढच्या वर्षी एंट्रीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. वडिलांची बदली झाली असं कळलं. झालीही असेल.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत, एक नव्वदवर, एक 1.15 वर. घरचे पुसून टाक म्हणतात. मध्ये माझी एक वीत आणि वर तीन बोटं मावतात.