गोधडी शिवली, पण बिल कुठाय?

गोधडी शिवणं अवघड नाही. घरात जुनी सुती लुगडी असावीत आणि रोज संध्याकाळी मांडी घालून बसायची तयारी असावी, बस्स. मैत्रिणीला मँचेस्टरमध्ये मुलगी झाली तेव्हा आजीची दोन नऊवारी कपाटात होतीच. चार थर एकमेकांवर ताणून अंथरले, सगळीकडून कच्चे टाके घातले, मग कडेपासून आत आत चौकोनात धावदोरा घालत मध्यावर आले. कोपऱ्यांना खणाचे त्रिकोण लावले. झाली.

माझं डोकं फिरलं ते कुरिअरच्या काउंटरवर.

"आत काय आहे?"

"गोधडी. बाळासाठी."

"बिल द्या."

"अहो, घरी शिवलीय."

"मग कापडाचं बिल द्या."

कापड म्हणजे आजीचं लुगडं! तिने ते कुठल्या बाजारातून आणलं हे विचारायला आता तीही नाही. हे सांगितल्यावर त्या मुलाने संगणकात 'वापरलेले कपडे' निवडलं आणि वर मलाच म्हणाला, "मॅडम, वापरलेले कपडे आपण घेत नाही." साहेबांना विचारा म्हटलं, तर साहेब जेवायला गेलेले. साहेबांचं जेवण चांगलंच लांबलं. माझ्यामागून आलेला आंबावडीवाला मोकळा होऊन गेलासुद्धा. त्याच्याकडे दुकानाचं बिल होतं ना! हाताने काही करून कुणी कुणाला पाठवतं, हे त्यांच्या फॉर्मला ठाऊकच नाही.

शेवटी साहेब आले आणि दोन वाक्यांत विषय संपला. कस्टमच्या यादीत वापरलेले कपडे ६३०९ खाली येतात, रजया-पलंगपोस ९४०४ खाली. "त्यात टाक रे." बिलाऐवजी साध्या कागदावर लिहून दिलं: घरी हाताने शिवलेली सुती गोधडी, भेट, विक्रीसाठी नाही. खाली किंमत, सही, सोबत आधारची प्रत. तुम्ही हा कागद घरूनच लिहून न्या. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या भेटीवर व्हॅट लागत नाही, त्यामुळे किंमत खरी लिहा पण उगाच फुगवू नका. मी हजार रुपये लिहिले. मजुरीला रकानाच नव्हता.

खोकं मोठं घेऊ नका. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते वजन काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचे पैसे घेतात. घट्ट गुंडाळी करून दोरीने बांधा.

शिवण्याआधीचं सांगायचं राहिलंच. लुगडं सुतीच आहे का ते बघायला एक धागा जाळून पाहा: सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. लाल काठ ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. रंग उतरला तर काठ सरळ कापून टाका, बाळ ते चोखणार आहे. गाठी थरांच्या आत दडवा. गोंडे, टिकल्या, आरसे अजिबात नकोत. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत सुटं पांघरूण घालू नये असं तिकडचे डॉक्टर सांगतात, म्हणून मी ती जमिनीवर अंथरून बाळाला खेळवायच्या मापाची केली, साधारण मीटरभर लांब.

पोचली व्यवस्थित. आता मैत्रिणीच्या जावेलाही हवीय. शिवते म्हटलं, फक्त न्यायला पुण्याला या.