जाहिरात संस्थेत मराठी लेखक होताना: माझा अनुभव

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातून मराठीत एम. ए. करून मी २०१० च्या जूनमध्ये मुंबईत आले, तेव्हा जाहिरात संस्थांमध्ये मराठी लिहिणाऱ्यांची स्वतंत्र नेमणूक होते, एवढ्या एका ऐकीव माहितीवर माझी सारी भिस्त होती. ती नेमणूक मिळवायला मला पाच महिने लागले. मिळालेल्या कामाचे स्वरूप बदलून घ्यायला मात्र त्यानंतर दोन वर्षे गेली. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुले मला पहिल्या पाच महिन्यांविषयी विचारतात. खरी कसोटी पुढच्या दोन वर्षांत होती, म्हणून त्यांविषयी अधिक विस्ताराने लिहिते.

डोंबिवलीला मावशीकडे राहण्याची सोय झाली. फोर्ट, बॅलार्ड इस्टेट आणि नरिमन पॉइंट या भागांत एके काळी एकवटलेल्या जाहिरात संस्थांपैकी बऱ्याच तोवर गिरण्यांच्या जागांवर उभ्या राहिलेल्या लोअर परळ आणि वरळीच्या इमारतींत गेल्या होत्या, त्यामुळे दादरला गाडी बदलून लोअर परळला उतरायचे, चार-पाच कार्यालयांच्या स्वागतकक्षात अर्ज ठेवायचे आणि परत यायचे, असा माझा क्रम सुरू झाला. अर्जासोबत मी विद्यापीठाच्या अंकात छापून आलेल्या कविता जोडत असे. तिसऱ्या महिन्यात एका संस्थेतील ज्येष्ठ बाईंनी मला बसवून घेतले आणि सांगितले, की कवितांवरून तुमची भाषा कळते, पण तुम्ही दुसऱ्याची गरज समजून घेऊन लिहू शकता की नाही, ते कळत नाही. वर्तमानपत्रातल्या तुम्हाला न आवडलेल्या दहा जाहिराती घ्या आणि त्या मराठीत नव्याने लिहून आणा. त्या दहा जाहिरातींच्या वहीला या व्यवसायात पोर्टफोलिओ म्हणतात, हे मला तेव्हा कळले. कोणाला एकच सल्ला द्यायचा झाला, तर मी आजही हाच देईन.

त्या वहीमुळे मला एका संस्थेत कॉपी टेस्टसाठी, म्हणजे जाहिरात-लेखनाच्या चाचणीसाठी, बोलावणे आले. तीन तासांचा वेळ आणि तीन प्रश्न होते. पहिला प्रश्न असा, की लोकलच्या दारात लटकणाऱ्या प्रवाशाला आत यायला लावणारे एक वाक्य लिहा. दुसरा, ज्याने मीठ कधीच चाखलेले नाही त्याला मिठाची चव समजावून सांगा. तिसऱ्यात एका विमा योजनेची इंग्रजी जाहिरात मराठीत करायची होती. मराठी लेखकाच्या जागेसाठी हा तिसरा प्रश्नच महत्त्वाचा असणार, असे धरून मी त्यावर दोन तास घालवले. मुलाखतीत मात्र त्या भाषांतराचा कोणी उल्लेखही केला नाही. पहिल्या प्रश्नाला मी शेवटच्या दहा मिनिटांत लिहिलेले ‘घरी कोणीतरी तुमच्या रिकाम्या डब्याची वाट पाहत आहे’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचून दाखवले, आणि त्याच वाक्यावर मला सहा आठवड्यांची उमेदवारी मिळाली. उमेदवारी संपल्यावर, नोव्हेंबरमध्ये, नेमणुकीचे पत्र हाती आले.

निवड स्वतंत्र विचारावर झाली आणि काम मिळाले ते भाषांतराचे. संस्थेत या कामाला ॲडॅप्टेशन म्हणत. जाहिरातीची कल्पना इंग्रजीत सुचलेली असे, इंग्रजीत मंजूर झालेली असे, तिचे चित्र आणि मांडणी पक्की झालेली असे, आणि मग संध्याकाळी सहाच्या सुमारास ती मराठी, गुजराती, तमिळ, बंगाली लेखकांकडे येई आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत परत मागितली जाई. मथळ्यासाठी जेवढी जागा इंग्रजी शब्दांनी सोडली असेल, तेवढ्यात मराठी बसवावे लागे. शिवाय लिहिलेल्या प्रत्येक ओळीचे पुन्हा इंग्रजीत भाषांतर करून द्यावे लागे, कारण मंजुरी देणाऱ्यांपैकी पुष्कळांना मराठी येत नसे. या उलट्या भाषांतराने माझ्या कितीतरी चांगल्या ओळी मारल्या. जी ओळ इंग्रजीत परत नेली तरी शहाणी दिसे तीच मंजूर होई, आणि अशी ओळ बहुधा मुळातच इंग्रजी असे. म्हणून मराठी वृत्तपत्रांत ‘आपल्या स्वप्नांना पंख द्या’ यासारखी, कोणीही कधीही न बोललेली वाक्ये छापली जातात.

हे असे का, याचे उत्तर मला आमच्या स्टुडिओत, म्हणजे संगणकावर जाहिरातींची मांडणी होई त्या विभागात, मिळाले. तिथले सर्वांत ज्येष्ठ ऑपरेटर, ज्यांना सारी संस्था काका म्हणत असे, त्यांनी शिळाप्रेसच्या, म्हणजे दगडावरून छापण्याच्या, काळापासून हा व्यवसाय पाहिलेल्या माणसांच्या हाताखाली उमेदवारी केली होती. त्यांचे म्हणणे असे, की भारतीय माणसाने चालवलेली जाहिरात संस्था मुंबईत फार पूर्वीपासून आहे, गिरगावातली बी. दत्ताराम आणि कंपनी १९०५ ची. परंतु मोठ्या संस्था आल्या त्या परदेशी मालाच्या पाठोपाठ. जे. वॉल्टर थॉम्पसन ही संस्था १९२९ मध्ये मुंबईत आली ती जनरल मोटर्सच्या मोटारींसाठी, आणि लिंटास या दुसऱ्या संस्थेची मुळे लिव्हर कंपनीच्या स्वतःच्या जाहिरात विभागात होती. माल ठरवणारे, पैसा देणारे आणि मंजुरी देणारे इंग्रजीत बोलत, म्हणून विचारही इंग्रजीत होऊ लागला. त्यात मोबदल्याची रीत अशी, की वृत्तपत्रे मान्यताप्राप्त संस्थांना जाहिरातीच्या रकमेवर १५ टक्के कमिशन देत. इंग्रजी दैनिकांचे प्रति सेंटिमीटर दर मराठी दैनिकांपेक्षा जास्त, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या मराठी जाहिरातीतून संस्थेला मिळणारी रक्कम कमी, आणि तिच्यावर वेळ घालवण्याची इच्छा त्याहून कमी. आता बहुतेक ठिकाणी कमिशनऐवजी ठरावीक शुल्क घेतात. पण संध्याकाळी सहा वाजता मराठीकडे येण्याची सवय तशीच राहिली. दोष कोणा एका माणसाच्या नावडीचा नसून कामाच्या रचनेचा आहे, हे काकांमुळे मला समजले, आणि रचना बदलता येते असे वाटू लागले.

सुरुवात अक्षरांपासून करावी लागली. आमच्याकडचे मांडणीचे सॉफ्टवेअर देवनागरीसाठी नीट लावलेले नसे, त्यामुळे पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटे, जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली अक्षरे सुटी उभी राहत, आणि ‘दुसऱ्या’ मधला र हिंदीसारखा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसे. हिंदीसाठी घेतलेल्या फाँटमध्ये ल आणि श यांची वळणेही हिंदीची असत. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहावा, असा राज्य शासनाचा निर्णय नोव्हेंबर २००९ मध्ये निघालेला होता. त्याची प्रत मी स्टुडिओच्या भिंतीवर लावली. माझा जोडीदार कला दिग्दर्शक सर ज. जी. उपयोजित कला संस्थेतून आलेला होता. त्याला अक्षरांच्या वळणांची जाण होती, आणि संगणकावरचा मंगल हा फाँट करणारे र. कृ. जोशी हे स्वतः जाहिरात क्षेत्रात, उल्का या मुंबईच्या संस्थेत, काम केलेले कलावंत होते, हे त्यानेच मला सांगितले. त्या दिवसापासून मराठी मथळ्याला उरलेली जागा देण्याऐवजी मराठी मथळा धरूनच मांडणी करून पाहायची, असे आम्ही दोघांनी ठरवले. यासाठी रोज रात्रीचा तासभर जास्त द्यावा लागे, आणि तो आम्ही वर्षभर दिला.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एका सहकारी बँकेचे काम आले. घर चालवणाऱ्या स्त्रियांनी दरमहा थोडी रक्कम आवर्त ठेवीत ठेवावी, एवढीच जाहिरातीची मागणी होती. बँक महाराष्ट्रातली, अधिकारी मराठी, खातेदार मराठी, आणि तरीही ब्रीफ, म्हणजे लेखकाला दिला जाणारा मागणीचा कागद, इंग्रजीत लिहिला गेला, त्यावर इंग्रजी मथळा सुचला आणि माझ्याकडे भाषांतरासाठी आला: छोटी पावले, मोठी स्वप्ने. मी ते भाषांतर वेळेत करून दिले. त्याच्यासोबत दुसऱ्या कागदावर, कोणी मागितलेली नसताना, आणखी एक जाहिरात लिहिली:

‘भिजवलेली डाळ दुप्पट होते. डब्यातले पैसे तेवढेच राहतात.’

माझी आई डाळीच्या डब्यात, तळाशी, पाचाच्या आणि दहाच्या नोटांची घडी ठेवत असे. मावशीकडे तोच डबा होता. मला सुचण्यासारखे त्यात काही नव्हते, मी फक्त ते आठवले. पण उलटे भाषांतर करून ही ओळ आमच्या ग्राहकसेवा विभागाकडे, म्हणजे संस्थेच्या वतीने ग्राहकांशी बोलणाऱ्यांकडे, गेली, तेव्हा डाळीचा आणि बँकेचा संबंध काय, असा प्रश्न आला. प्रश्न प्रामाणिक होता. स्वयंपाकघरातल्या डब्यात पैसे ठेवण्याची रीत ज्याने पाहिलेली नाही, त्याला इंग्रजीत त्या वाक्याचा पूर्वार्ध स्वयंपाकाच्या सूचनेसारखा वाटणार. मी समजावून सांगितले, तरी त्यांना धोका पत्करवेना. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने असाही मुद्दा मांडला, की मुंबईचा वाचक मिश्र भाषेत रमतो, १९६६ पासून चाललेल्या अमूलच्या फलकांवर इंग्रजी-हिंदीची कोटी सारे शहर वाचते, मग शुद्ध मराठीचा हट्ट कशाला. माझा हट्ट शुद्धतेचा नव्हता. अमूलची कोटी चालते, कारण ती ज्या मिश्र भाषेत वाचली जाते त्याच भाषेत सुचलेली असते. डाळीच्या डब्याची गोष्टही ज्या भाषेत घडते त्याच भाषेत सुचली पाहिजे आणि त्याच भाषेत ऐकली गेली पाहिजे, एवढेच मी मागत होते.

म्हणून मी एकच परवानगी मागितली, ती अशी, की बँकेसमोर माझी जाहिरात मी स्वतः, मराठीत, वाचून दाखवीन आणि तिचे इंग्रजी भाषांतर त्या बैठकीत कोणी देणार नाही. विभागप्रमुखांनी दोन दिवस विचार करून होकार दिला. त्यांचे ते ऋण मी मानते. बैठकीत बँकेकडून पाच जण होते. मी ओळ वाचली आणि थांबले. बचत विभागाच्या अधिकारी बाई लगेच म्हणाल्या, “आमच्या सासूबाई तुरीच्या डाळीत ठेवायच्या, आणि त्या गेल्यावर डबा रिकामा करताना साडेतीनशे रुपये निघाले.” त्यानंतर बैठक मराठीतच झाली. बायका नवऱ्यापासून पैसे लपवतात असा अर्थ निघेल का, अशी शंका अध्यक्षांनी काढली, आणि ती रास्त होती. पुढच्या मजकुरात मी लिहिलेला ‘लपवलेले’ हा शब्द काढून ‘राखून ठेवलेले’ असा शब्द घातला, आणि तोच अधिक खरा होता. ‘दुप्पट’ या शब्दावर अधिक वेळ गेला. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेप्रमाणे जाहिरातीतला दावा सिद्ध करता आला पाहिजे. आमचे वाक्य डाळ दुप्पट होते असे म्हणत होते, पण घाईत वाचणाऱ्याला ठेवच दुप्पट होते असे वाटू शकले असते. शेवटी ‘भिजवलेली डाळ फुगते’ असे केले, आणि व्याजाचा दर व मुदत खाली, वाचता येईल अशा आकारात दिली. वाक्य त्यामुळे आखूड झाले आणि जास्त बोलके वाटू लागले.

जाहिरात कुठे लावायची हा निर्णय मीडिया विभागाचा असतो, तरी मी एक विनंती केली. रस्त्यावरचा फलक धावत्या गाडीतून तीन-चार सेकंद दिसतो. तिथे सहा-सात शब्दांपलीकडे जाता येत नाही. लोकलच्या डब्यातली पट्टी मात्र समोर बसलेल्या बाईला डोंबिवलीपासून सीएसएमटीपर्यंत तासभर दिसते. मी स्वतः दोन वर्षे तो प्रवास करताना त्या पट्ट्यांवरचा शब्द न् शब्द वाचला होता. तिथे मथळ्याखाली दहा ओळी लिहिता येतात, आणि वाचायला वेळ असलेल्या वाचकासाठी लिहिणे हे या व्यवसायातले मला सर्वांत आवडणारे काम आहे. मध्य रेल्वेच्या महिला डब्यांत दोन महिन्यांसाठी जागा घेतली गेली.

छपाईआधी काकांनी प्रत्येक अक्षर भिंगाखाली तपासले. ‘डब्यातले’ मधले जोडाक्षर दोन पट्ट्यांवर फुटले होते. त्या दोन्ही पट्ट्या त्यांनी परत पाठवून नव्या मागवल्या.

पट्ट्या लागल्यानंतर काही आठवड्यांनी बँकेच्या त्या अधिकारी बाईंचा दूरध्वनी आला. शाखांमध्ये बायका ठेवीचे अधिकृत नाव न घेता डाळीच्या डब्याची योजना कोणती, असे विचारत होत्या, तेव्हा काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनाही ती जाहिरात पाठवावी, असे त्यांचे म्हणणे होते. मी तो निरोप विभागप्रमुखांना लेखी दिला आणि त्याखाली एक मागणी लिहिली: ज्या जाहिरातीचा मुख्य वाचक मराठी आहे, तिचा ब्रीफ इंग्रजी लेखकाला मिळेल त्याच वेळी मराठी लेखकाला मिळावा, आणि मराठी मजकुराची मंजुरी मराठी जाणणाऱ्या माणसाने द्यावी. पहिली मागणी तीन आठवड्यांत मान्य झाली. दुसरीसाठी अजूनही प्रत्येक नव्या ग्राहकाशी नव्याने बोलावे लागते, आणि त्या बोलण्यासाठी लागणारा एक दिवस मी आता कामाच्या वेळापत्रकातच धरते.